घरांच्या किमती वाढल्या, तरी शाळेला तूट का? टेक्सासची स्कूल बोर्डं ऑस्टिनला कशासाठी जातात

टेक्सासमध्ये स्वतःचं घर असलेल्या मराठी कुटुंबांना दर वसंतात दोन पत्रं साधारण एकाच सुमारास येतात. पहिलं अप्रेझल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे करासाठी घरांच्या किमती ठरवणाऱ्या कार्यालयाचं: तुमच्या घराची किंमत यंदा आम्ही इतकी धरली आहे. दुसरं शाळेकडून, बहुधा ईमेलने: पुढच्या वर्षी बजेटमध्ये तूट आहे, काही जागा कमी होतील, वर्गात मुलं वाढतील. कुठे कुठे तर शाळाच बंद होते. प्लेनोसारख्या शहरात, जिथे मराठी माणसांची मोठी वस्ती आहे, तिथल्या बोर्डाने जून २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचं ठरवलं.

दोन्ही पत्रं वाचली की पहिला प्रश्न हाच पडतो: टॅक्सच्या बिलात सगळ्यात मोठा आकडा शाळेचा, घरांच्या किमती गेल्या दशकभरात चढत्या, मग शाळेचे पैसे जातात कुठे? लोक बोर्डाच्या मीटिंगला जातात आणि समोर बसलेल्या सात माणसांना हे खडसावून विचारतात. त्या सातजणांकडे उत्तर असतं, पण अधिकार फारसा नसतो. वाढपी पंगतीत उभा आणि कोठीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, अशी ही व्यवस्था आहे. किल्ली ऑस्टिनला, राज्याच्या विधिमंडळाकडे. म्हणून बोर्डाची माणसं ऑस्टिनला जातात. इंग्रजीत याला ॲडव्होकसी म्हणतात. आपण विधिमंडळापुढे बाजू मांडणं म्हणू. अनेक पालकांना हे राजकारण वाटतं, काहींना सहल. माझ्या मते ते बोर्डाच्या मुख्य कामांपैकी एक आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय शाळेच्या बजेटवर नीट भांडताही येत नाही.

बोर्डाच्या हातात काय असतं

हे बोर्ड म्हणजे दहावी-बारावीची परीक्षा घेणारं मंडळ नव्हे. टेक्सासमध्ये हजारावर स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, आहेत आणि बहुतेकांचा कारभार शहर किंवा काउंटीपासून वेगळा असतो. त्या नावातला 'इंडिपेंडंट' हा शब्द त्यासाठीच. प्रत्येकाचं बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं, बहुधा सात सदस्यांचं, डॅलस-ह्यूस्टनसारख्या मोठ्या ठिकाणी नऊ जणांचं. त्यांना ट्रस्टी म्हणतात. या कामाचा पगार त्यांना मिळत नाही. कुणी दंतवैद्य असतो, कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी चर्चमध्ये काम करणारा, अलीकडे काही उपनगरांत भारतीय नावंही दिसू लागली आहेत.

ट्रस्टी सुपरिंटेंडंटची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य प्रशासकाची, नेमणूक करतात, बजेट मंजूर करतात, राज्याने आखलेल्या मर्यादेत टॅक्सचा दर ठरवतात, शाळा कुठे बांधायची आणि कुठली बंद करायची ते ठरवतात. अभ्यासक्रमाची चौकट राज्याची, परीक्षा राज्याची, आणि एका मुलामागे किती पैसे धरायचे तो आकडाही राज्याचा. टॅक्सचा दर मर्यादेपलीकडे न्यायचा तर मतदारांची परवानगी लागते. फ्रिस्कोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ती नाकारली.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने आलेली शाळा व्यवस्थापन समिती डोळ्यांसमोर आणली, तर पालकांचा सहभाग एवढंच साम्य सापडेल. टेक्सासचं बोर्ड कर लावतं, कर्जरोखे काढतं, हजारो माणसांना नोकरीवर ठेवतं. पण इतके अधिकार असूनही कायद्याने ते राज्याचंच अपत्य आहे. राज्य त्याला बाजूलाही सारू शकतं. जून २०२३ मध्ये टेक्सासच्या शिक्षण खात्याने ह्यूस्टनचं निवडून आलेलं बोर्ड बाजूला करून स्वतः नेमलेलं मंडळ बसवलं. राज्यातला सगळ्यात मोठा डिस्ट्रिक्ट तो.

पैशांचं गणित

आता मूळ प्रश्नाकडे. गणित सोपं करून सांगतो, कारण सगळं भांडण इथून उगवतं.

राज्याचं एक सूत्र आहे. त्याच्या मुळाशी एक आकडा असतो, त्याला बेसिक अलॉटमेंट म्हणतात. एका मुलामागे इतके डॉलर. त्यावर मग मूल गरीब घरातलं आहे का, इंग्रजी शिकतंय का, त्याला विशेष शिक्षण लागतं का, यानुसार भर पडते. सगळी बेरीज करून सूत्र सांगतं की या डिस्ट्रिक्टला वर्षाला समजा १० कोटी डॉलर मिळायला हवेत. गावातल्या प्रॉपर्टी टॅक्समधून ६ कोटी जमले तर राज्य उरलेले ४ कोटी देतं. पुढच्या वर्षी घरांच्या किमती वाढल्या आणि गावातून ७ कोटी जमले, तर राज्य ३ कोटीच देतं. शाळेकडे दोन्ही वर्षी १० कोटीच. वाढलेल्या किमतीने शाळेचा खिसा भरला नाही, राज्याचा भार हलका झाला. आणि गावातून ११ कोटी जमले तर? वरचा १ कोटी राज्य परत घेतं. त्याला रिकॅप्चर म्हणतात, बोलीभाषेत रॉबिन हूड.

म्हणजे शाळेला जास्त पैसे मिळायचे तर घराची किंमत वाढून भागत नाही, तो मूळ आकडा वाढावा लागतो. आणि तो विधिमंडळच वाढवू शकतं. २०१९ मध्ये त्यांनी तो ५,१४० वरून ६,१६० डॉलर केला. त्यानंतर सहा वर्षं तो तिथेच होता. याच काळात कोविड येऊन गेला, महागाई वीस टक्क्यांहून जास्त वाढली, बसच्या डिझेलपासून इमारतीच्या विम्यापर्यंत सगळं महागलं. आकडा जागचा हलला नाही. ज्या डिस्ट्रिक्टांच्या तुटीची पत्रं पालकांना आली, त्यांतल्या अनेकांच्या तुटीचं मूळ याच गोठलेल्या आकड्यात आहे. मुलांची संख्या घटणं हे दुसरं मोठं कारण.

त्यात आणखी एक अडचण. टेक्सास हे पैसे शाळेत नाव घातलेल्या मुलांवर मोजत नाही, रोज हजर असलेल्या मुलांच्या वर्षभराच्या सरासरीवर मोजतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असं नाही. समजा एका डिस्ट्रिक्टमध्ये १०,००० मुलं आहेत आणि हजेरी ९५ टक्क्यांवरून ९३ वर आली. २०० मुलांचे पैसे गेले. मुळातल्या आकड्यानेच हिशेब केला तरी बारा लाख डॉलरच्या वर. पण शिक्षक तेवढेच लागतात, बस तेवढ्याच धावतात, वर्गाचा एसी तेवढाच चालतो, कारण गैरहजर मुलं काही एकाच वर्गातली नसतात. हजेरीऐवजी पटसंख्येवर पैसे द्या, ही मागणी कितीतरी बोर्डांच्या यादीत वर्षानुवर्षं आहे.

हे ओझं राज्यावर आलं कसं

यामागे एक लढा आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जावंसं वाटत नाही.

सॅन अँटोनिओच्या पश्चिमेला एजवूड नावाचा गरीब, मुख्यतः मेक्सिकन-अमेरिकन वस्तीचा डिस्ट्रिक्ट आहे. मे १९६८ मध्ये एजवूड हायस्कूलची मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली: शाळेची दुर्दशा होती, शिकवायला पात्र शिक्षक पुरेसे नव्हते. त्याच वर्षी डेमेट्रिओ रॉड्रिगेझ या कामगार पालकाने इतर पालकांबरोबर खटला भरला. कोर्टापुढे आलेले आकडे असे: एजवूड शंभर डॉलर मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर लावत होतं आणि त्यातून मुलामागे २६ डॉलर उभे राहत होते. त्याच शहरातला श्रीमंत अलामो हाइट्स डिस्ट्रिक्ट फक्त ८५ सेंट कर लावून मुलामागे ३३३ डॉलर उभे करत होता. गरीब माणूस जास्त दराने कर भरत होता आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला जेमतेम तेरावा हिस्सा येत होता.

१९७३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की शिक्षण हा देशाच्या राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही. रॉड्रिगेझ हरले. पण या निकालाने एक दिशा दाखवली: दाद मागायची तर राज्याच्या घटनेत शोधा. टेक्सासच्या घटनेचा सातवा अनुच्छेद सांगतो की मोफत सार्वजनिक शाळांची कार्यक्षम व्यवस्था उभी करणं आणि चालवणं हे विधिमंडळाचं कर्तव्य आहे. त्या आधारावर एजवूडने राज्याच्या कोर्टात पुन्हा खटला उभा केला आणि १९८९ मध्ये टेक्सास सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९९३ चा रॉबिन हूड कायदा त्यातून आला.

रिकॅप्चरला शिव्या घालणाऱ्या उपनगरी मराठी पालकांना मी हे आवर्जून सांगतो. त्या पद्धतीत दोष आहेत, पण तिच्यामागे २६ आणि ३३३ हे दोन आकडे आहेत.

बाजू मांडायची म्हणजे नेमकं काय करायचं

टेक्सासचं विधिमंडळ दर दोन वर्षांनी, विषम वर्षात, जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी भरतं आणि १४० दिवसांत उठतं. हाउसमध्ये १५० आमदार, सिनेटमध्ये ३१. २०२५ च्या अधिवेशनात आठ हजारांहून जास्त विधेयकं दाखल झाली आणि बाराशेच्या आसपास मंजूर झाली. शाळांवर परिणाम करणारी शेकडो असतात. आमदाराला सगळी वाचणं अशक्य. कुणीतरी जाऊन सांगावं लागतं की साहेब, या विधेयकाच्या अमुक कलमामुळे तुमच्या मतदारसंघातल्या अमुक शाळेत असं होईल.

तयारी मात्र आधीच्या सम वर्षातच सुरू होते. बोर्ड उघड्या मीटिंगमध्ये आपली प्राधान्ययादी ठराव करून मंजूर करतं. ती वेबसाइटवर असते आणि फारसं कुणी वाचत नाही. राज्यभरातल्या बोर्डांची एक संघटना आहे, टेक्सास असोसिएशन ऑफ स्कूल बोर्ड्स, १९४९ पासूनची. ती विभागवार बैठका घेते, प्रत्येक बोर्डाचा प्रतिनिधी वार्षिक सभेत मत देतो आणि त्यातून संघटनेची सामाईक भूमिका ठरते. पन्नास मुलांची शाळा असलेलं पश्चिम टेक्सासमधलं गाव आणि लाखभर मुलांचं डॅलस, दोघांना तिथे एकेक मत. एवढ्या भिन्न लोकांचं एकमत होणं सोपं नसतं. श्रीमंत डिस्ट्रिक्टांना रिकॅप्चर कमी हवं असतं, गरिबांना ते कमी झालेलं नको असतं. पण मूळ आकडा वाढवा आणि पैसे दिल्याशिवाय नवी जबाबदारी लादू नका, या दोन मागण्यांवर सगळे एकत्र येतात.

अधिवेशन सुरू झालं की खरी धावपळ. एखादं विधेयक समितीपुढे सुनावणीला आलं की कोणीही जाऊन बोलू शकतं. नाव नोंदवताना सांगायचं की तुम्ही बाजूने आहात, विरोधात आहात की फक्त माहिती द्यायला आला आहात. गर्दी असली की बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. सकाळी नाव नोंदवलेल्या माणसाचा नंबर मध्यरात्रीनंतर लागणं तिथे नवीन नाही. मार्च २०२५ मध्ये व्हाउचर विधेयकावरची (खाजगी शाळेच्या फीसाठी पालकांना सरकारी पैसे; त्याबद्दल पुढे) हाउस समितीची सुनावणी रात्र उलटून दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. चार तास गाडी चालवून आलेला ट्रस्टी, दुसऱ्या दिवशी स्वतःची नोकरी असलेला, तिथे खुर्चीत बसून राहतो. बिनपगारी.

त्या दोन मिनिटांत काय बोलावं, यावर सगळं अवलंबून असतं. 'मुलं हे आपलं भविष्य' हे वाक्य समितीने हजारदा ऐकलेलं असतं. उपयोगी पडतो तो आकडा. एक उदाहरण नीट बघू.

२४ मे २०२२ रोजी युवाल्डीच्या रॉब एलिमेंटरी शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. पुढच्या वर्षी विधिमंडळाने कायदा केला की प्रत्येक शाळेत एक सशस्त्र अधिकारी हवाच. हेतूला विरोध कोण करणार? पण त्यासाठी राज्याने दिले शाळेमागे वर्षाला १५,००० डॉलर आणि मुलामागे १०. म्हणजे ५०० मुलांच्या शाळेला मिळाले २०,००० डॉलर. एवढ्यात टेक्सासमध्ये पोलिस अधिकाऱ्याचा वर्षाचा पगार भागत नाही, त्याचा आरोग्यविमा, पेन्शन, प्रशिक्षण, गाडी तर दूरच. उरलेली रक्कम कुठून येणार? गणिताच्या जादा शिक्षकाच्या पैशांतून, लायब्ररीच्या पैशांतून. अनेक बोर्डांनी दोन वर्षं हीच वजाबाकी आपापल्या आमदारापुढे ठेवली: आमच्या शाळा इतक्या, खर्च इतका, तुम्ही दिले इतके. २०२५ मध्ये रक्कम शाळेमागे ३३,५४० आणि मुलामागे २० डॉलर झाली. त्याच ५०० मुलांच्या शाळेला आता ४३,५४० मिळतात. खर्च अजूनही पूर्ण निघत नाही. पण दुपटीहून जास्त झाले, आणि याबद्दल टीव्हीवर कुठे चर्चा झाली नाही. बोर्डांच्या बहुतेक यशाचं रूप असंच असतं, एखाद्या कलमातला बदललेला आकडा.

हे करताना एक लक्ष्मणरेषा आहे. बोर्डाला विधेयकावर बोलता येतं, पण सरकारी पैशाने किंवा साधनांनी कुणाला मत द्या हे सांगता येत नाही. शाळेच्या ईमेलवरूनसुद्धा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये डेंटनच्या स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या कर्मचाऱ्यांना गेलेल्या ईमेलवरून राज्याचे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी डिस्ट्रिक्टवर खटला भरला. ट्रस्टी स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या फोनवरून प्रचार करू शकतो. शाळेच्या लेटरहेडवर नाही.

व्हाउचर: जिंकून हरलेली लढाई

गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा सामना व्हाउचरचा. सरकारी पैसे पालकांच्या खात्यात जमा करायचे आणि त्यातून त्यांनी खाजगी शाळेची फी भरायची, ही कल्पना. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी ती प्रतिष्ठेची केली. जवळची शाळा वाईट असेल आणि दुसरीकडे घर घ्यायची ऐपत नसेल, तर त्या पालकाने काय करायचं, हा समर्थकांचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालत नाही. बोर्डांचं म्हणणं असं की खाजगी शाळा कुणाला घ्यायचं ते स्वतः ठरवते, विशेष गरजांचं मूल नाकारू शकते, राज्याची परीक्षा तिला बंधनकारक नाही. आणि एका वर्गातली दोन मुलं गेली म्हणून तो वर्ग बंद करता येत नाही, पैसे मात्र जातात. मला बोर्डांची बाजू पटते.

२०२३ साली राज्याच्या तिजोरीत ३२.७ अब्ज डॉलरची विक्रमी शिल्लक होती. शाळांना मोठी वाढ मिळेल अशी आशा होती. पण शाळांचे वाढीव पैसे आणि व्हाउचर एकाच विधेयकात बांधले गेले: एक हवं तर दुसरं घ्या. त्या वर्षी नियमित अधिवेशनानंतर चार विशेष अधिवेशनं झाली. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी जॉन रेनी या निवृत्तीच्या वाटेवरच्या रिपब्लिकन आमदाराने व्हाउचरचा भाग काढून टाकणारी दुरुस्ती मांडली आणि हाउसने ती ८४ विरुद्ध ६३ मतांनी मंजूर केली. २१ रिपब्लिकन डेमोक्रॅट्सच्या बाजूने गेले, बरेचसे ग्रामीण भागातले.

ग्रामीणच का, हे बघण्यासारखं आहे. टेक्सासच्या छोट्या गावात खाजगी शाळा नसतेच. स्कूल डिस्ट्रिक्ट हा गावातला सगळ्यात मोठा रोजगार देणारा असतो. शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलच्या फुटबॉल मैदानावर सगळं गाव जमतं. तिथला आमदार आणि बोर्डाचा अध्यक्ष अनेकदा एकाच शाळेत शिकलेले असतात. अशा ठिकाणी ट्रस्टीच्या फोनला जे वजन असतं, ते ऑस्टिनमधल्या महागड्या लॉबिस्टला मिळत नाही.

पण व्हाउचर पडलं तसं विधेयकही बारगळलं, आणि त्याच्याबरोबर शाळांचे अब्जावधी डॉलरही. बोर्डांनी तत्त्वाची लढाई जिंकली आणि पुढची दोन वर्षं तुटीत काढली. त्या काळात बंद झालेल्या लायब्रऱ्या आणि मोठे झालेले वर्ग हा त्या विजयाचा खर्च होता. अनेक ट्रस्टींना हे आधीच माहीत होतं. तरी ते ठाम राहिले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पुढे जे झालं त्यावर बोर्डांचा काही इलाज नव्हता. मार्च २०२४ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ॲबट स्वतःच्याच पक्षाच्या त्या आमदारांविरुद्ध उतरले. पेनसिल्व्हेनियातल्या जेफ यास या अब्जाधीशाने त्यांना ६० लाख डॉलर दिले होते. २१ पैकी बरेचसे एकतर निवृत्त झाले किंवा हरले. एप्रिल २०२५ मध्ये हाउसने व्हाउचर ८६ विरुद्ध ६१ ने मंजूर केलं, या वेळी फक्त दोन रिपब्लिकन विरोधात होते. ३ मेला ॲबट यांनी सही केली. पहिल्या दोन वर्षांच्या बजेटात एक अब्ज डॉलर, २०२६-२७ च्या शालेय वर्षापासून. खाजगी शाळेतल्या सर्वसाधारण मुलाला वर्षाला सुमारे दहा हजार, विशेष गरजा असलेल्याला ३०,००० पर्यंत, घरी शिकणाऱ्याला २,००० पर्यंत.

बाजू मांडण्याची ताकद कुठे संपते ते इथे दिसतं. जो आमदार ऐकायला तयार आहे त्याला बोर्ड माहिती देऊ शकतं. मतदारांनी तो आमदारच बदलला, तर आकड्यांची फाइल कितीही जाड असून उपयोग नाही.

५५ डॉलर

त्याच अधिवेशनात शाळांसाठी सुमारे ८.५ अब्ज डॉलरचं विधेयक आलं. आकडा घसघशीत आहे. पण हाउसच्या मसुद्यात बेसिक अलॉटमेंट ३९५ डॉलरने वाढत होती, सिनेटशी तडजोड होऊन वाढ राहिली ५५ डॉलर. ६,१६० चे झाले ६,२१५. नुसत्या महागाईशी बरोबरी करायला बाराशेहून जास्त लागले असते.

मग बाकीचे पैसे? ते नाव घालून दिले. शिक्षकांच्या पगारवाढीला: पाच हजारांपेक्षा जास्त मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये तीन-चार वर्षं अनुभवाच्या शिक्षकाला २,५०० आणि पाच किंवा जास्त वर्षांच्या शिक्षकाला ५,००० डॉलर, छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये ४,००० आणि ८,०००. सुरक्षेला इतके, विशेष शिक्षणाला इतके, वीज-विम्यासारख्या खर्चाला मुलामागे १०६. शिक्षकांना पगार वाढला याचा आनंदच आहे, छोट्या गावात तर ही रक्कम आयुष्य बदलणारी आहे. पण या पैशांतून बोर्डाला बसचालक घेता येत नाही, समुपदेशक घेता येत नाही, जुनी तूट भरता येत नाही. तुमच्या डिस्ट्रिक्टला कोट्यवधी मिळाले अशी बातमी येते आणि तरीही कपात होते, ते यामुळे. बेसिक अलॉटमेंट हा बोर्डाच्या मर्जीने खर्चता येणारा पैसा आणि नाव घातलेला पैसा हा राज्याच्या मर्जीचा. ८.५ अब्जांच्या पोटात खरा वाद हाच होता.

बोर्डांचं तोंड बंद करायची मागणी

'माझ्याच करातून लॉबिस्ट नेमायचा आणि माझ्याच मताविरुद्ध ऑस्टिनला बोलायचं?' हा आक्षेप टेक्सासमध्ये जोरात आहे. स्थानिक संस्थांना करदात्यांच्या पैशाने लॉबिंग करायला बंदी घालणारं विधेयक २०१९ मध्ये हाउसने ८५ विरुद्ध ५८ ने पाडलं. २०२५ मध्ये सिनेटने पुन्हा तसं विधेयक मंजूर केलं, हाउसमध्ये ते अडकलं. ते परत येईल.

आक्षेपात तथ्य आहे. संघटनेची वर्गणी किती, लॉबिस्टला किती दिले, कुठल्या विधेयकावर काय भूमिका घेतली, हे पालकाला शोधावं लागू नये. २०२१ मध्ये बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेने मीटिंगमधल्या धमक्यांबद्दल राष्ट्राध्यक्ष बायडन यांना पत्र लिहिलं आणि त्यात देशांतर्गत दहशतवादाचा उल्लेख केला. सदस्य बोर्डांना न विचारता. एकामागून एक राज्यसंघटना बाहेर पडल्या, टेक्सासची २०२२ मध्ये. कुणाच्या वतीने बोलतो हे विसरलं की असं होतं.

पण बंदीचा परिणाम बघा. व्हाउचरच्या बाजूने अब्जाधीशांचा पैसा बोलतच राहील. प्लेनोसारखा मोठा डिस्ट्रिक्ट एखादा कर्मचारी पाठवून भागवेल. ज्या गावात सुपरिंटेंडंटच बसही चालवतो, ते गाव संघटनेशिवाय आठ हजार विधेयकं वाचणार कशी?

तुम्ही काय करू शकता

प्लेनो, फ्रिस्को, अर्व्हिंग, केटी, शुगर लँड, राउंड रॉक इथल्या मराठी पालकांमधले कितीतरी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत. मत देता येत नाही, मग आपला काय संबंध, असं म्हणणारे भेटतात. संबंध आहे. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे बोर्डाच्या मीटिंगमध्ये अजेंड्यावरच्या विषयावर बोलू इच्छिणाऱ्याला बोर्डाने बोलू द्यावंच लागतं, नागरिकत्व विचारून नाही. आमदाराच्या ऑफिसला फोन कुणीही करू शकतं. एक पथ्य मात्र पाळा: व्हिसावर असाल तर कुठल्याही उमेदवाराला, बोर्डाच्या निवडणुकीतल्यासुद्धा, देणगी देऊ नका. संघराज्याचा कायदा ते मना करतो. ग्रीन कार्डवाल्यांना परवानगी आहे.

भेटीला जाल तेव्हा आमदार भेटेलच असं नाही, बहुधा विशी-पंचविशीतला सहायक भेटेल. त्याला कमी लेखू नका, विधेयकाची फाइल त्याच्याकडेच असते. एका पानाचा कागद द्या: शाळेचं नाव, विधेयकाचा क्रमांक, एक आकडा, एक मागणी. 'माझ्या मुलीच्या शाळेतली विशेष शिक्षणाची साहाय्यक जागा गेल्या वर्षी रद्द झाली' हे वाक्य कुठल्याही भाषणापेक्षा जास्त लक्षात राहतं. आमदाराकडून एखादी चांगली गोष्ट झाली असेल, तर तिच्याबद्दल आभार मानणारं पत्रही पाठवा; तसं क्वचितच कुणी करतं.

आणि मीटिंगला जाल तेव्हा वेळ बघून जा. पुढचं नियमित अधिवेशन जानेवारी २०२७ मध्ये आहे, विधेयकं नोव्हेंबर २०२६ पासूनच दाखल होऊ लागतात, आणि बोर्डाची प्राधान्ययादी त्याच्याही आधी ठरते. शाळा बंद करायच्या ठरावाच्या दिवशी सभागृहात उभं राहायला जागा नसते. यादीच्या मीटिंगला खुर्च्या रिकाम्या असतात, आणि बोलणाऱ्याला पूर्ण तीन मिनिटं मिळतात.